वाडा उतरवण्याआधी त्याचे फोटो काढून ठेवा : पुणे महापालिकेला खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका,
बांधकाम आणि हेरिटेज विभागाचे अधिकारी,
तसेच मध्यवर्ती पेठांचे सर्व लोकप्रतिनिधी

महोदय,

मी पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये फोटो काढते. लग्नांची आणि कारखान्यांची कामं करून माझं घर चालतं. उरलेला वेळ कसबा, शनिवार, बुधवार, नाना, भवानी या पेठांमध्ये जातो. हे पत्र एकाच मागणीसाठी लिहिते आहे, ती आधीच सांगून टाकते. जुना वाडा, चाळ किंवा कारखाना उतरवायची परवानगी देताना त्याची आतून-बाहेरून छायाचित्रांची नोंद करणं बंधनकारक करा. ती नोंद महापालिकेने स्वतःकडे जपावी आणि कुठल्याही पुणेकराला बघता येईल अशी खुली ठेवावी.

‘वाडे वाचवा’ असं मी म्हणत नाही. वाड्यात राहणाऱ्यांच्या घरी इतकी वर्षं जाऊन-येऊन आहे, तसं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. चौकात उभं राहून वर बघितलं की सज्जाची नक्षी, सुरूच्या आकाराचे खांब, केळफुलाच्या महिरपी डोळ्यांत भरतात. पण वरच्या दोन खणांत राहणाऱ्या बाईला पावसाळ्यात रात्री उठून गळतीखाली पातेली सरकवावी लागतात, सकाळी सामायिक संडासाबाहेर थांबावं लागतं, आणि सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं तर जिन्यावरून उतरवायला दोन माणसं बोलवावी लागतात. भाडं आजोबांच्या काळातलं; त्यात मालकाला कौलं शाकारणंसुद्धा परवडत नाही. मालकाकडेही वाटण्या होत होत कागदावर पंधरा-वीस नावं झालेली, त्यातली निम्मी परगावी. अशा माणसांना स्वतःचा संडास, लिफ्ट आणि न गळणारं छप्पर मिळत असेल तर ते मिळायलाच हवं. माझ्या फोटोंसाठी कुणी ओलीत राहावं, हे मला कधीही मान्य होणार नाही.

प्रश्न आहे तो वाडा गेल्यावर मागे काय राहतं याचा.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक इमारतींची पाहणी होते, याद्या निघतात, कलम २६४ खाली नोटिसा लागतात. त्या पाहणीत बघायचं असतं ते इमारत तग धरेल की नाही एवढंच, आणि जिवाशी गाठ असताना तेच बघावं. पुनर्विकासाच्या प्रस्तावात नकाशे असतात, ते मुख्यतः होऊ घातलेल्या इमारतीचे. जी जाणार तिचं क्षेत्रफळ, भाडेकरूंची नावं, मिळकतकराचे कागद एवढं फाइलीत राहतं. माजघरात किती उजेड यायचा, चौकातल्या नळावर कुणाची पाळी कधी असायची, ओटीवर कुठला धंदा चालायचा, हे त्या कागदांवरून पन्नास वर्षांनी कुणालाही उमगणार नाही.

वाडा उतरवताना मी पुष्कळदा तिथे असते. आधी कौलं खाली येतात, मग वासे, मग तुळया. सागवानाला गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असतं. कोरीव खांब आणि दरवाजे हॉटेलांच्या, फार्महाऊसच्या सजावटीला जातात, तळखडे काही दिवस कोपऱ्यात पडून राहतात, आणि भिंतींची पांढरी माती ट्रकमधून निघून जाते. सगळं साफ झालं की शेजारच्या भिंतीवर अख्खं घर उमटलेलं दिसतं. नीळ घातलेल्या चुन्याचा एक चौकोन. त्याच्या कोपऱ्यात काजळीचा पट्टा, म्हणजे तिथे चूल असणार. दोन कोनाडे, देव्हाऱ्यामागे हौसेने लावलेल्या गुलाबी टाइल्स, कॅलेंडरचा खिळा, आणि जिना जिथून वर जायचा तिथे पायरी-पायरीने चढत गेलेली तिरकी खूण. थोड्याच दिवसांत तिथे पत्रे ठोकले जातात. कुठली खोली कुणाची हे सांगणारी माणसं तोवर धायरीला, वारज्याला भाड्याच्या घरात गेलेली असतात.

शहराची हेरिटेज यादी आहे, तिच्या श्रेणी आहेत. शनिवारवाडा, विश्रामबागवाडा, नानावाडा यांची काळजी घेतली जाते, ते योग्यच आहे. पण पुण्याचं बहुतेक जगणं भिक्षुकाच्या, कारकुनाच्या, कासाराच्या, शिंप्याच्या दोन-तीन खणांत घडलं. माधुकरी मागून शिकणाऱ्या मुलांच्या खोल्यांत, खानावळीच्या पंगतीत, छापखान्याच्या तळघरात घडलं. ही घरं कुठल्याच श्रेणीत बसत नाहीत. त्यांना पाडू नका असं सांगणारं कुणी नाही, आणि त्यांची आठवण ठेवा असं सांगणारंही कुणी नाही.

वास्तविक पुण्याइतकं नोंदी ठेवणारं शहर शोधून सापडायचं नाही. पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. मोहिमेवर किती माणूस गेलं इथपासून मुदपाकखान्यात काय खर्च झालं इथपर्यंतचा हिशेब त्यात मिळतो. रियासतकार सरदेसायांच्या देखरेखीखाली त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले गेले. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ इथेच स्थापन झालं. दोनशे वर्षांपूर्वीचा हिशेब जपणाऱ्या गावाने गेल्या वर्षी पाडलेल्या घराचं एक चित्रही ठेवू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शनिवारवाड्याचंच घ्या. १७३२ साली बांधून झालेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला. तट, बुरूज, दरवाजे आणि जोती राहिली. आतले महाल कसे होते याचा अंदाज कागदपत्रांवरून आणि वर्णनांवरून बांधावा लागतो, कारण फोटो असणं शक्यच नव्हतं. छायाचित्रणाची रीत जगापुढे जाहीर झाली ती १८३९ मध्ये, आगीनंतर अकरा वर्षांनी. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. १८२८ च्या पुणेकरांना आपण काय बोल लावणार? आज तर चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे.

पानशेतचा पूर आठवणारी पिढी अजून पेठांमध्ये आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. मातीच्या भिंती विरघळल्या. लोक गोखलेनगरला, सहकारनगरला जाऊन वसले. त्या घरांतल्या आजी-आजोबांना मी जुने फोटो मागते तेव्हा उत्तर ठरलेलं असतं : ‘पुरात गेले.’ माझ्या ओळखीच्या कित्येक घरांत १९६१ च्या आधीचा एकही फोटो नाही. आई-वडिलांच्या लग्नाचा नाही, दाराचा नाही, अंगणाचा नाही. पुराने नोटीस दिली नव्हती. आपण देता. नोटीस लागल्यापासून पहिलं कौल निघेपर्यंत अनेकदा महिने जातात, आणि माझी सगळी मागणी त्या महिन्यांची आहे.

भिडे वाड्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा जिथे सुरू केली, ती बुधवार पेठेतली इमारत डिसेंबर २०२३ मध्ये रात्रीतून पाडली गेली. तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचं आहे, आणि ते झालंच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या वादानंतर जागा मोकळी झाली याचा मलाही आनंद झाला. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात त्या वास्तूचं चित्र म्हणजे दुकानांच्या पाट्यांमागचा मोडकळलेला दर्शनी भाग, आणि मग पोकलेन. शाळेतून सहलीला आलेली एखादी मुलगी उद्या स्मारकात उभी राहून विचारेल की जिना कुठे होता, खिडक्या रस्त्याकडे होत्या का, वर्गात उजेड कुठून यायचा. त्या मुलीला उत्तर मिळालं पाहिजे. इतक्या मोलाच्या वास्तूबाबत हा प्रश्न मनात येतो, तर नाना पेठेतल्या एखाद्या बिननावाच्या चाळीबद्दल काय बोलावं!

मी मागते आहे ते जगात नवं नाही. १८६२ पासून शार्ल मारव्हील हा पॅरिस शहराचा अधिकृत छायाचित्रकार होता. पॅरिसची नव्याने आखणी करणाऱ्या ओस्मान या अधिकाऱ्याच्या योजनेत जुने रस्ते पाडून रुंद हमरस्ते काढायचं ठरलं होतं, आणि जे रस्ते जाणार त्यांचे फोटो काढायचं काम खुद्द पालिकेने मारव्हीलला दिलं. पाडणारीही पालिकाच आणि नोंद ठेवणारीही पालिकाच. त्याने जुन्या रस्त्यांची चारशेहून जास्त चित्रं काढली. आज जुनं पॅरिस म्हणून अभ्यासक जे बघतात त्यात या चित्रांचा वाटा मोठा आहे. ग्लासगोमध्येही १८६८ साली शहर सुधारणेच्या न्यासाने थॉमस अ‍ॅनन या छायाचित्रकाराला हाय स्ट्रीटच्या आसपासच्या दाट, कोंदट गल्ल्यांमध्ये पाठवलं, त्या पाडायच्या आधी.

ते फोटो मी पुन्हा पुन्हा बघते, आणि दरवेळी एक गोष्ट खटकते. तेव्हा काचेवर चित्र उमटायला वेळ लागायचा, त्यामुळे हलणारी माणसं टिकत नसत. मारव्हीलचे बरेचसे रस्ते ओस दिसतात. अ‍ॅननच्या गल्ल्यांमध्ये दोरीवरचे कपडे आणि दारातली पोरं धुरकट होऊन गेली आहेत. भिंती तेवढ्या स्वच्छ उमटल्या. आपल्याकडे तशी अडचण राहिलेली नाही. पुण्याची नोंद करायची तर ती माणसांसकट झाली पाहिजे, कामाच्या वेळी झाली पाहिजे, आणि तिथे राहणाऱ्यांच्या नावांनिशी झाली पाहिजे.

कसबा पेठेतली तांबट आळी बघा. पेशवाईपासून तिथे तांब्या-पितळेची भांडी घडतात. गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आधी ठोके ऐकू येतात. कारागीर जमिनीवर बसतो, भांडं लोखंडी खुंटावर पालथं घालतो आणि पायाने-गुडघ्याने त्याला आधार देत हातोडीने मठारतो. एका हाताने भांडं तसूतसूने फिरतं, दुसऱ्या हाताचा ठोका आधीच्या ठोक्याला लागून पडतो. भांडं वळलं की त्याच्यावर ओळीने बारीक चकाकत्या खुणा उमटलेल्या असतात. त्या कामाची खोली अंधारी असते, आणि तसं असण्यात सोय आहे, कारण एका बाजूने येणाऱ्या उजेडात ठोका कुठे चुकला ते लगेच दिसतं. हे मला तिथल्या एका वयस्कर कारागिरांनी उजेडाकडे भांडं धरून दाखवलं. याच आळीतून घरोघरी बंब जायचे. गीझर आले, बंब गेले; आता तीच माणसं दिवे, पाण्याच्या बाटल्या आणि शोभेची भांडी घडवतात. काम बदललं तरी बैठक तीच, खुंट तोच. उद्या ही जागा नव्या इमारतीच्या तळमजल्यावर गेली तर धंदा कदाचित जास्त चांगला चालेल. पण माणूस, खुंट, खिडकी आणि भांडं यांचं आपसातलं अंतर, ज्यातून हे कौशल्य हातात बसलं, ते पुन्हा मांडता येणार नाही. एका दिवसाचं छायाचित्रण, थोडं ध्वनिमुद्रण आणि खोलीचा मोजमापांचा नकाशा एवढं झालं तरी ते टिकेल.

मेट्रोने पेठांचा चेहरा किती लवकर बदलतोय ते आपण बघतोच आहोत. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला, आणि कसबा पेठ, मंडई ही स्थानकं गावाच्या पोटात आली. मी स्वतः मेट्रोने फिरते, ट्रायपॉड घेऊन मंडईला जायला तिच्यासारखी सोय नाही. पण स्थानकाजवळच्या जागांचे भाव आता कुठे जाणार आणि त्या भावात किती जुनी छपरं टिकणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

माझ्या व्यवसायबंधूंनाही इथेच दोन शब्द सांगते. विसर्जनाच्या दिवशी अलका टॉकीजच्या चौकात कॅमेऱ्यांना उभं राहायला जागा नसते. पालख्या भवानी पेठेत आणि नाना पेठेत मुक्कामाला आल्या की तीच गर्दी. दिंडी दरवाज्यात बसलेल्या मांजराचे फोटो मोबाइलवर रोज फिरतात. ते सगळं सुंदर आहे, माझ्याकडेही आहे. पण एखाद्या साध्या मंगळवारी दुपारी दोन वाजता त्याच गल्लीत काय चाललं होतं, याचं चित्र जवळजवळ कुणाकडे नसतं. आणि असलंच तर त्याखाली काही लिहिलेलं नसतं. पेठ कुठली, घर क्रमांक काय, तारीख काय, चित्रातली माणसं कोण, हे नसेल तर त्या फोटोचा शहराला उपयोग शून्य. देखण्या पण बिननावाच्या फोटोपेक्षा मी नीट टिपण असलेला साधा फोटो कधीही जास्त मोलाचा मानते.

हे काम कसं करावं याबद्दल थोडं सांगते, म्हणजे ही मागणी हवेतली वाटणार नाही.

परवानगीच्या अर्जाबरोबर रस्त्याकडून, प्रत्येक चौकातून, प्रत्येक जिन्यातून आणि प्रत्येक खोलीतून फोटो असावेत. खांब, महिरप, दरवाजा, कडीपाट यांचे जवळून असावेत. जुना हौद, विहीर किंवा कात्रजच्या नळाशी, म्हणजे कात्रजच्या तलावातून पेठांमध्ये पाणी आणणाऱ्या पेशवाईतल्या नळाशी, जोडलेलं काही असेल तर तेही टिपावं. आमच्या पेठांमधल्या लोकांना अजून आपल्या चौकातल्या हौदाला पाणी कुठून यायचं ते माहीत असतं, पण विचारायला कुणी जात नाही. सोबत सगळ्यांत जुन्या भाडेकरूशी तासभर बोलून केलेलं टिपण असावं. हे काम वास्तुकला महाविद्यालयांचे विद्यार्थी करू शकतील, ते तशीही वाड्यांची मोजमापं घ्यायला येतातच. इथले छायाचित्रकार करू शकतील. खर्च विकास शुल्कातून काढता येईल. अख्ख्या इमारतीच्या उलाढालीत ही रक्कम कुणाच्या लक्षातही येणार नाही. मात्र भाडेकरूवर त्याचा एक रुपयाही पडू नये, आणि या कारणाने कुणाचं धोकादायक घर रिकामं व्हायला एक दिवसाचाही उशीर होऊ नये. भिंत कलली असेल तर बाहेरून जेवढं मिळेल तेवढ्यावर थांबावं.

राहणाऱ्यांची संमती घेतल्याशिवाय कुणाच्याही देवघरात, मोरीत, झोपायच्या खोलीत कॅमेरा जाऊ नये. ज्यांना आपले फोटो लगेच खुले नको असतील त्यांचे काही वर्षं बंद ठेवता येतील. बुधवार पेठेतल्या ज्या गल्ल्यांमध्ये देहविक्रय करणाऱ्या बायका राहतात, तिथे लपूनछपून काढलेले चेहरे मी प्रदर्शनांत बघितले आहेत आणि मला त्याची चीड आहे. त्या बायकाही याच शहराच्या आहेत, त्यांची घरंही उद्या पडणार आहेत. त्यांची नोंद व्हावी, पण त्या सांगतील तशी व्हावी.

आणि जपणुकीचं. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला की तो आक्रसतो आणि त्याच्या आत साठवलेली तारीख-वेळही बहुधा गळून जाते. हार्ड डिस्क काही वर्षांत दगा देतात. स्टुडिओ बंद झाले की जुन्या निगेटिव्ह माळ्यावर जातात आणि पुण्याच्या पावसात त्यांना आंबूस वास यायला लागतो; तो वास आला की समजावं, फिल्म कुजायला लागली. पेठांमधल्या जुन्या स्टुडिओंच्या वारसांकडे असं किती काही पडून आहे! महापालिकेने मूळ फाइली दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, महत्त्वाच्या चित्रांचे कागदी प्रिंट काढावेत, पेठ आणि घर क्रमांक टाकला की सापडेल अशी यादी करावी, आणि घरोघरच्या जुन्या निगेटिव्हही स्कॅन करून मालकांना परत द्याव्यात. हे संभाळायला अभिलेखागाराचं शिक्षण घेतलेला माणूस नेमावा, दुसऱ्या खात्यातून उसना आणलेला नको.

सुरुवात एका पेठेपासून करता येईल. मी कसबा पेठ सुचवते. तांबट आळी, कुंभारवाडा, बुरूड आळी, जुने वाडे, नव्या इमारती आणि मेट्रोचं स्थानक हे सगळं तिथे चालत जाण्याच्या अंतरात आहे, आणि ग्रामदैवत कसबा गणपतीच्या निमित्ताने बाहेर राहायला गेलेली माणसंही तिथे परत येतात. त्यांच्याकडून नावं आणि आठवणी मिळवणं सोपं जाईल. येत्या पावसाळ्यापूर्वीच्या नोटिसा निघतील तेव्हा त्यांच्यासोबत एक संमतिपत्र आणि छायाचित्रकाराच्या भेटीची तारीख जाऊ शकेल. नियमात दुरुस्ती व्हायला वेळ लागणार असेल तर तोवर आपल्या एका परिपत्रकावरही हे सुरू होईल.

आपण असा संग्रह सुरू केलात तर माझ्याकडचे पेठांचे सगळे फोटो, मूळ फाइली आणि पत्ते-नावं लिहिलेल्या वह्या मी कुठलाही मोबदला न घेता त्यात जमा करीन. फोटोतल्या ज्या माणसांची लेखी संमती नाही त्यांच्या घरी जाऊन ती आधी घेईन. माझ्या ओळखीचे आणखी काही छायाचित्रकारही आपापलं काम द्यायला तयार आहेत. बैठकीला बोलवाल तेव्हा येऊ. येताना तांबट आळीचे प्रिंट आणि संमतिपत्राचा मराठी मसुदा घेऊन येऊ.

कळावे,

आपली,
पेठांमध्ये फोटो काढणारी एक पुणेकर